मूलपेशीची ताकद तिच्या शेजाऱ्यांत

गुडघेदुखी, मधुमेह, ऑटिझम, पाठीच्या कण्याची इजा, केस गळणं. या सगळ्यांवर एकच इलाज सांगणाऱ्या जाहिराती मोठ्या शहरांत आणि मोबाइलच्या पडद्यावर सर्रास दिसतात: स्टेम सेल थेरपी, म्हणजे मूलपेशींचा उपचार. शरीराच्या एका भागातून मूलपेशी काढायच्या, दुसऱ्या भागात टोचायच्या आणि पुढचं सगळं त्यांच्यावर सोपवायचं, असा या उपचारांचा थाट असतो. मूलपेशीला म्हणे आपलं काम आपोआप कळतं. जिथे बिघाड असेल तिथे ती जाते आणि हवं ते घडवते.

हे ‘म्हणे’ तपासायचं तर मूलपेशीला शरीरातून वेगळं काढून तिच्याकडे दिवसेंदिवस पाहत बसता यायला हवं. आतड्याच्या बाबतीत फार काळ ते शक्यच नव्हतं. निरोगी आतड्यातून काढलेल्या पेशी काचेच्या बशीत बघता बघता मरून जात. 2009 मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरातल्या ह्युब्रेख्त संस्थेत ही अडचण सुटली आणि प्रयोगशाळेत वाढवलेलं आतड्याचं इवलंसं रूप, म्हणजे ऑर्गनॉइड, संशोधकांच्या हाती आलं. तेव्हापासून या ऑर्गनॉइडांनी जे दाखवलं आहे, ते जाहिरातींच्या नेमकं उलट आहे. मूलपेशीला जे कळतं ते आजूबाजूच्या पेशी तिला सांगतात म्हणून. ही गोष्ट एकदा नीट समजली, की रुग्णाने कोणत्या उपचाराला पैसे मोजावेत आणि सरकारने कोणत्या संशोधनाला पैसे द्यावेत, या दोन्ही प्रश्नांकडे वेगळ्या नजरेने पाहावं लागतं.

मूलपेशींच्या अभ्यासासाठी आतडंच का, याचं कारण त्याच्या वेगात आहे. लहान आतड्याच्या अस्तरावर बोटांसारखे लाखो उंचवटे असतात. त्यांना रसांकुर म्हणतात. अन्नरस शोषला जातो तो त्यांच्यातून. रसांकुरांच्या मुळाशी चिंचोळे खळगे असतात, ते क्रिप्ट. योहान लीबरक्यून या जर्मन वैद्याने अठराव्या शतकात त्यांचं वर्णन केलं, म्हणून आजही पाठ्यपुस्तकांत ते त्याच्या नावाने ओळखले जातात. नव्या पेशी जन्मतात त्या खळग्याच्या तळाशी. तिथून त्या वर सरकतात आणि वाटेतच त्यांची कामं ठरतात. कोणी अन्न शोषतं, कोणी बुळबुळीत श्लेष्मा तयार करतं, कोणी संप्रेरकं सोडतं. रसांकुराच्या टोकाशी पोचल्या, की त्या गळून पडतात. बहुतेक पेशींचा हा सगळा प्रवास चार-पाच दिवसांचा. म्हणजे तळाशी अशा काही पेशी असणारच, ज्या आयुष्यभर न थकता नव्या पेशी पुरवत राहतात. पण नेमक्या कोणत्या?

यावर तीसेक वर्षं वाद चालला. मॉन्ट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठातले चार्ल्स लेब्लाँ आणि त्यांच्या सहकारी हेझल चेंग यांनी 1974 मध्येच क्रिप्टच्या अगदी तळाशी असलेल्या सडपातळ पेशींकडे बोट दाखवलं होतं. मँचेस्टरच्या ख्रिस्तोफर पॉटन यांचा गट मात्र तळापासून चौथ्या जागेवरच्या पेशीला मान देत होता. त्या काळी मूलपेशी म्हटलं की क्वचितच विभागणारी, शरीराने जपून ठेवलेली पेशी असंच चित्र सगळ्यांच्या डोळ्यांपुढे यायचं. 2007 मध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या उट्रेख्तच्या प्रयोगशाळेत निक बार्कर यांनी एलजीआर-5 या जनुकाची खूण वापरून उंदरातल्या या तळाच्या पेशींचा वंश शोधला. लेब्लाँ आणि चेंग बरोबर होते. उंदराच्या प्रत्येक क्रिप्टमध्ये अशा 15च्या आसपास पेशी असतात आणि त्या जवळपास रोज विभागतात. जपून ठेवलेल्या, शांत मूलपेशीचं ते जुनं चित्र आतड्याला तरी लागू पडलं नाही.

पत्ता सापडला, पण पेशी शरीराबाहेर जगवायची कशी? क्लेव्हर्स यांच्याकडे आलेले जपानी पोटविकारतज्ज्ञ तोशिरो सातो यांनी हे काम हाती घेतलं. त्यांची युक्ती साधी होती. आतड्यात त्या पेशीला जे जे मिळतं, ते बशीत पुरवायचं. आर-स्पाँडिन हे प्रथिन मिळालं की उंदराच्या आतड्याचं अस्तर भराभर वाढतं, हे 2005 पासून माहीत होतं. ते प्रथिन क्रिप्टला लागणाऱ्या ‘विंट’ या संदेशाला जोर देतं. वाढीसाठी ईजीएफ हवं, आणि वाढ रोखणारा बीएमपी हा संदेश अडवण्यासाठी नॉगिन. शिवाय या पेशी आधाराशिवाय तरंगत ठेवल्या तर मरतात, म्हणून उंदराच्या एका अर्बुदातून काढलेल्या मॅट्रिजेल नावाच्या जेलीत त्या रुतवायच्या. एवढ्या सामग्रीवर एकेकटी पेशी जगली, वाढली आणि तिने जे घडवलं त्याची अपेक्षा फारशी कोणी केली नव्हती. आधी एक पोकळ गोळा झाला, मग त्याला सगळीकडून धुमारे फुटले. प्रत्येक धुमारा म्हणजे एक क्रिप्ट, तळाशी मूलपेशी आणि आतल्या पोकळीकडे तोंड केलेल्या शोषणाऱ्या पेशी. स्नायू नाहीत, रक्तवाहिन्या नाहीत, चेता नाहीत. तरी अस्तराची मांडणी हुबेहूब. हे गोळे फोडून त्यांचे तुकडे पुन्हा जेलीत ठेवले, की पुन्हा वाढत. महिनोन् महिने.

दोन वर्षांनी एक मजेदार गोष्ट उघड झाली. ज्या एलजीआर-5 खुणेमुळे ही पेशी सापडली, तो नेमका आर-स्पाँडिन पकडणारा ग्राही (रिसेप्टर) निघाला. सातोंनी बशीत घातलेला संदेश आणि क्लेव्हर्स यांच्या गटाने खूण म्हणून वापरलेलं जनुक हे एकाच कुलपाची चावी आणि कुलूप होतं, आणि 2009 मध्ये ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

पण सातोंच्या 2009 च्या त्या पहिल्या शोधनिबंधातला एक आकडा अस्वस्थ करणारा होता. सुट्या केलेल्या मूलपेशींपैकी शेकडा सहाच पेशींपासून ऑर्गनॉइड तयार झाले. मूलपेशी जर स्वयंभू असेल, तर बाकीच्या 94 का हरल्या? उत्तर 2011 मध्ये मिळालं. योझेफ पॅनेथ या ऑस्ट्रियन शरीरशास्त्रज्ञाने 1888 मध्ये वर्णिलेल्या पॅनेथ पेशी क्रिप्टच्या तळाशी मूलपेशींना खेटून बसलेल्या असतात. त्यांचं काम जंतुनाशक प्रथिनं सोडण्याचं, एवढंच तोवर मानलं जाई. सातोंनी मूलपेशी एकटी न ठेवता तिच्याबरोबर एक पॅनेथ पेशी ठेवली आणि ऑर्गनॉइड होण्याचं प्रमाण कित्येक पटींनी वाढलं. विंट, ईजीएफ आणि शेजारच्या पेशीला स्पर्शातून दिला जाणारा नॉच हा संदेश पॅनेथ पेशी स्वतःच पुरवत होत्या. गंमत म्हणजे पॅनेथ पेशी या मूलपेशीच्याच लेकी. आई आपली राखण करणाऱ्या मुली आधी घडवते आणि मग त्यांच्या आधारावर जगते.

यात पुढचा प्रश्न दडलेला आहे. एकसारख्या पेशींच्या गोळ्यात पहिली पॅनेथ पेशी कोण होणार, हे ठरतं कसं? बाझलमधल्या फ्रिडरिश मीशर संस्थेत प्रिस्का लिबेराली यांच्या गटाने 2019 मध्ये एकेका पेशीपासून वाढणारे ऑर्गनॉइड सूक्ष्मदर्शकाखाली तासन् तास टिपले. गोळ्यातल्या पेशींमध्ये याप-1 या प्रथिनाची पातळी थोडी कमीजास्त असते. तेवढ्या फरकातून नॉचचा संदेश कुठे चढतो, कुठे उतरतो, आणि त्यातून एखादी पेशी पॅनेथ होते. ती झाली की तिच्याभोवती क्रिप्ट फुटतो. काही गोळ्यांत हा फरक पडतच नाही; ते गोळे गोलच राहतात, त्यांना धुमारे फुटत नाहीत आणि त्यांच्यात मूलपेशीही टिकत नाहीत. एकाच वंशाच्या, एकाच बशीतल्या, एकच द्रव प्यायलेल्या पेशी. पण शेजार जुळला नाही, तर आतड्याचा नमुना उभा राहत नाही.

शरीरात काय घडतं, तेही याला दुजोरा देतं. मूलपेशींना वेगवेगळ्या रंगांनी खुणावलेल्या उंदरांवर 2010 मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे काम केलं. एका क्रिप्टमधल्या पंधराएक मूलपेशी सारख्याच तोडीच्या असतात. कोण तळाशी टिकेल आणि कोण ढकलली जाऊन वर सरकेल, हे बऱ्याच अंशी योगायोगाने ठरतं, आणि काही महिन्यांत अख्खा क्रिप्ट एकाच पेशीच्या वंशजांचा होतो. याहून बोलकं निरीक्षण 2012 चं. क्रिप्टमधून बाहेर पडून आपलं काम शिकू लागलेल्या काही पेशी, मूळच्या मूलपेशी किरणोत्सर्गाने मेल्या तर तळाशी परततात आणि पुन्हा मूलपेशी होतात. त्याच पेशी वेगळ्या काढून बशीत विंट दिलं, तर त्याही ऑर्गनॉइड घडवतात. मूलपेशी असणं हा जन्मजात गुण कमी आणि जागेमुळे मिळणारा हुद्दा जास्त, असं या सगळ्या पुराव्यातून दिसतं.

हा हुद्दा ज्या पेशीने जागेशिवाय मिळवला, तिचं नाव कर्करोग. आतड्याच्या कर्करोगात वर्षानुवर्षं एपीसी, केरास, पी-53 आणि स्मॅड-4 ही चार जनुकं बिघडलेली आढळत होती. पण त्या बिघाडांचा अर्थ काय, हे स्पष्ट नव्हतं. 2015 मध्ये उट्रेख्तला यारनो ड्रोस्ट आणि जपानमध्ये परतलेल्या सातोंच्या गटाने निरोगी माणसाच्या आतड्यातल्या पेशींचे ऑर्गनॉइड घेऊन त्यात क्रिस्पर या जनुकं बदलण्याच्या तंत्राच्या मदतीने हे बदल एकामागोमाग एक केले. बिघाड झालेल्या पेशी वेचण्याची त्यांची पद्धत या संशोधनातला सर्वांत सुंदर भाग आहे. एपीसी बिघडलं, की पेशीला विंट आणि आर-स्पाँडिन लागत नाही. म्हणून ते काढून घेतलं आणि ज्या जगल्या त्या उचलल्या. केरास बदललं, की ईजीएफ नको. स्मॅड-4 गेलं, की नॉगिन नको. चारही बदल झालेल्या पेशी शेजाराकडून काहीही न घेता जगू लागल्या आणि उंदरात त्यांची आक्रमक गाठ वाढली. शेजाऱ्यांवरचं अवलंबन हेच मूलपेशीला वेसण घालतं, याचा इतका सरळ पुरावा ऑर्गनॉइडांआधी नव्हता.

म्हातारपणाचीही अशीच कथा. हेलसिंकीतल्या पेक्का काटाजिस्तो यांच्या गटाने 2019 मध्ये तरुण आणि वृद्ध उंदरांच्या पेशींची अदलाबदल करून ऑर्गनॉइड वाढवले. वृद्ध पॅनेथ पेशींच्या सोबतीत तरुण मूलपेशीही मंदावल्या, कारण वृद्ध पॅनेथ पेशी नोटम नावाचं विंटला निकामी करणारं प्रथिन सोडतात. आहाराबद्दलच्या प्रयोगांना तर आपल्याकडे वाचक लगेच मिळतो. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये 2018 मध्ये 24 तास उपाशी ठेवलेल्या उंदरांच्या क्रिप्टमधून अधिक ऑर्गनॉइड तयार झाले, तेव्हा उपासाच्या समर्थकांना आनंद झाला. त्याच संस्थेतल्या गटाने 2024 मध्ये पुढची गोष्ट सांगितली: मूलपेशी सर्वाधिक जोमाने विभागतात त्या उपास सोडल्यावर, आणि नेमक्या त्या वेळी एपीसी जनुक बिघडवलं तर उंदरांत गाठी होण्याचा धोका वाढतो. हे निष्कर्ष उंदरांचे आहेत. त्यावरून कोणी एकादशी धरू नये आणि मोडूही नये. पण मूलपेशीला चेतवणं म्हणजे निव्वळ फायदा, हे समीकरण किती भाबडं आहे, ते यातून उघड होतं.

इथे ऑर्गनॉइडांची मर्यादाही मांडली पाहिजे, नाहीतर हा लेखही दुसऱ्या प्रकारची जाहिरात होईल. पॅनेथ पेशी मूलपेशींना जगवतात, हे बशीत खरं ठरलं. पण जिवंत उंदरातून पॅनेथ पेशी काढून टाकल्या, तरी मूलपेशी तगून राहिल्या. का, ते 2018 मध्ये कळलं. अस्तराच्या खाली, ऑर्गनॉइडमध्ये नसलेल्या थरात, टेलोसाइट नावाच्या लांब धाग्यांसारख्या पेशी असतात आणि विंटचा मोठा पुरवठा त्या करतात. म्हणजे ऑर्गनॉइडने खऱ्या शेजाऱ्यांपैकी एकाचीच ओळख करून दिली होती. रोगप्रतिकारक पेशी, चेता, रक्तपुरवठा आणि आतड्यातले अब्जावधी जिवाणू यांपैकी काहीही साध्या ऑर्गनॉइडमध्ये नसतं. त्याची पोकळी बंद असते, मेलेल्या पेशी आतच साचतात, म्हणून तो सारखा फोडावा लागतो. मॅट्रिजेलचा प्रत्येक साठा थोडा वेगळा असतो आणि प्रयोगांचे निकाल त्याबरोबर हलतात. लोझानमधल्या मॅथियास ल्युटोल्फ यांच्या गटाने 2020 मध्ये लेसरने कोरलेल्या नळीत आतड्याचं अस्तर वाढवलं. तिच्यातून द्रव वाहू शकतो, मेलेल्या पेशी धुतल्या जातात आणि ती आठवडे टिकते. वाटचाल चालू आहे, पण माणसाचं आतडं अजून कोणी बशीत केलेलं नाही.

आता पुन्हा जाहिरातींतल्या त्या सुईकडे यायला हरकत नाही. चरबीतून किंवा अस्थिमज्जेतून काढलेल्या पेशी मेंदूच्या, कण्याच्या किंवा स्वादुपिंडाच्या विकारासाठी टोचणाऱ्याला तीन साधे प्रश्न विचारता येतात. ही पेशी जिथे पोचेल तिथे तिला कोणता संदेश मिळेल? तो देणारी पेशी तिथे शिल्लक आहे का? आणि संदेशाशिवायही ती वाढत राहिली, तर तिला थांबवणार कोण? आतड्यात, जिथे मूलपेशींचा पत्ता, त्यांचे शेजारी आणि त्यांचे संदेश इतक्या बारकाईने माहीत आहेत, तिथेही संशोधक पाऊल जपून टाकतात. बाकी अवयवांत इतकी माहिती नसताना ‘पेशी आपलं काम ओळखेल’ असं सांगणं हा वैद्यकीय सल्ला नव्हे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना याबाबत स्पष्ट आहेत: रक्ताच्या ठरावीक विकारांसाठी होणारं रक्तमूलपेशींचं प्रत्यारोपण सोडलं, तर मूलपेशींचा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करायचा. चाचणीत सहभागी होणाऱ्या रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. म्हणून बिल हातात पडलं, की ते काय आहे हे रुग्णाच्या नातेवाइकांनी ओळखायला हवं.

अस्सल उपचार कसा पुढे सरकतो, हे टोकियोत पाहता येतं. मामोरु वातानाबे यांच्या गटाने 2012 मध्ये उंदराच्या मोठ्या आतड्यातल्या एका मूलपेशीपासून वाढवलेले ऑर्गनॉइड दुसऱ्या उंदरांच्या जखमी आतड्यावर बसवले आणि ते तिथे रुजले. माणसावर पहिला प्रयोग व्हायला 2022 उजाडलं. व्रणयुक्त बृहदांत्रदाहाच्या, म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णाच्याच आतड्याच्या निरोगी भागातून पेशी घेतल्या, त्यांचे ऑर्गनॉइड वाढवले आणि एंडोस्कोपने ते व्रणावर ठेवले. आतड्याची पेशी आतड्यातच गेली. तिचे शेजारी तिथे होते. एवढी अनुकूल परिस्थिती असूनही उंदरापासून माणसापर्यंत यायला दहा वर्षं लागली.

ऑर्गनॉइडांचा कसोटीसाठी होणारा उपयोग मात्र इतकी वाट पाहायला लावत नाही. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक विकारात सीएफटीआर या जनुकातल्या बदलामुळे पेशींतून क्षार आणि पाणी बाहेर येत नाही, आणि फुप्फुसांत व आतड्यांत चिकट श्लेष्मा साचतो. या जनुकात दोन हजारांच्या घरात बदल नोंदले गेले आहेत. त्यांतल्या दुर्मीळ बदलांवर औषध चालेल का, यासाठी चाचणी करायला पुरेसे रुग्णच मिळत नाहीत. उट्रेख्तच्या येफ्री बेकमन यांच्या गटाने 2013 मध्ये सोपी कसोटी काढली. रुग्णाच्या गुदाशयातून चिमूटभर ऊती घ्यायची, ऑर्गनॉइड वाढवायचे आणि फोर्सकोलिन नावाचं रसायन घालायचं. निरोगी ऑर्गनॉइड पाणी ओढून तासाभरात फुगतात, रुग्णाचे फुगत नाहीत. औषध घातल्यावर फुगले, तर औषध त्या रुग्णाला चालण्याची शक्यता मोठी. नेदरलँड्समध्ये दुर्मीळ बदल असलेल्या रुग्णांना या कसोटीच्या आधारे औषध मिळालं आणि त्यांची प्रकृती सुधारली. ट्रायकाफ्टा हे या विकारावरचं औषध 2019 मध्ये अमेरिकेत आलं तेव्हा त्याची वर्षाची किंमत तीन लाख डॉलरांहून अधिक होती. इतकं महाग औषध कोणाला द्यायचं, हे बशीत आधी कळणं हा श्रीमंत देशांपेक्षा गरीब देशांच्या कामाचा मुद्दा आहे. युरोपात सर्वाधिक आढळणारा एफ-508 हा बदल भारतीय रुग्णांत तुलनेने कमी सापडतो. दुर्मीळ बदलांसाठीची कसोटी इथेच अधिक लागणार.

भारतीय आतडं वेगळं आहे, याचा पुरावा लशींनीही दिला आहे. रोटाव्हायरसच्या अतिसारावरची रोटावॅक ही भारतीय लस दिल्ली, पुणे आणि वेल्लोर इथल्या सुमारे 6,800 बाळांवर तपासली गेली. 2014 मध्ये निकाल आले. गंभीर आजारापासून संरक्षण 50 टक्क्यांच्या थोडं वर होतं. दोष या लशीचा म्हणावा, तर रोटारिक्स ही परदेशी लस युरोपात 90 टक्क्यांच्या वर गेली आणि मलावीत 49 टक्क्यांवर अडकली. तोंडावाटे दिलेली लस गरीब वस्त्यांतल्या बाळांच्या आतड्यात कमी रुजते, यामागे एकाहून अधिक कारणं असावीत: आईकडून आलेल्या प्रतिपिंडांपासून सततच्या जंतुसंसर्गाने झिजलेल्या रसांकुरांपर्यंत. झिजलेले रसांकुर नीट का भरून येत नाहीत, हा शेवटी मूलपेशींचाच प्रश्न आहे. मेळघाटातल्या बालकुपोषणावर गेली कित्येक वर्षं चर्चा होते, समित्या बसतात. पोटात गेलेला घास शोषणारं अस्तर कोणत्या स्थितीत आहे, हे त्या चर्चेत क्वचितच येतं. उट्रेख्तच्या एखाद्या निरोगी प्रौढाचा ऑर्गनॉइड याचं उत्तर देऊ शकणार नाही. बाळांच्या आतड्याचा तुकडा केवळ संशोधनासाठी काढणं मात्र कोणत्याही नीतीत बसणार नाही. उपचारासाठी एंडोस्कोपी करावीच लागते अशा मुलांचे नमुने, पालकांच्या संमतीने, एवढाच रस्ता उरतो.

कायद्याने दार उघडलेलं आहे. अमेरिकेने 2022 च्या डिसेंबरात नव्या औषधांसाठी प्राण्यांवरच्या चाचण्यांची सक्ती काढली. भारताने मार्च 2023 मध्ये नवी औषधं आणि वैद्यकीय चाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती करून मानवी पेशी, ऑर्गनॉइड आणि चिपवरचे अवयव यांतून मिळालेल्या पुराव्याला जागा दिली. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत मानवी नमुन्यांवर आधारित पद्धतींसाठी स्वतंत्र केंद्रही आहे. उणीव आहे ती कच्च्या मालाची. भारतीय रुग्णांच्या ऑर्गनॉइडांचा, वय, आहार, आजार आणि उपचाराच्या नोंदींसह जपलेला, सार्वजनिक पैशावर चालणारा आणि कोणत्याही विद्यापीठाला मागता येईल असा मोठा संग्रह उभा राहायला हवा. मॅट्रिजेलसारखी आयात केलेली जेली आणि वाढीची प्रथिनं यांवरच प्रयोगाचा मोठा खर्च होतो. ही प्रथिनं इथे बनवणं जैवऔषधांच्या उद्योगात मुरलेल्या पुणे-हैदराबाद पट्ट्याला अवघड जाऊ नये.

‘आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधं द्या, मग ऑर्गनॉइड वाढवा’ हा आक्षेप येणारच, आणि त्यात तथ्य आहे. पण इथे मागणी नव्या भव्य इमारतीची नाही. मुंबईतल्या महापालिकेच्या आणि राज्यातल्या सरकारी मोठ्या रुग्णालयांत आतड्याच्या एंडोस्कोपी आणि बायॉप्सी नित्याच्या आहेत. तिथे काढलेली ऊती फक्त निदानासाठी वापरली जाते. तिच्यातला काही भाग गोठवून, नोंद करून जवळच्या संशोधन संस्थेकडे पाठवण्याची व्यवस्था करायला माणसं, शीतपेट्या आणि शिस्त लागते.

आणि करार लागतो. उट्रेख्तमध्ये 2013 मध्ये स्थापन झालेला ऑर्गनॉइडांचा संग्रह आणि तंत्र सांभाळणारा एचयूबी हा उपक्रम विकत घेत असल्याचं जर्मनीच्या मर्क कंपनीने 2024 च्या अखेरीस जाहीर केलं. क्लेव्हर्स स्वतः 2022 मध्ये रोश या औषधकंपनीत संशोधनप्रमुख म्हणून गेले. यात बेकायदा काही नाही. तंत्र बाजारात येतं ते असंच. पण ज्या रुग्णाच्या पेशी वर्षानुवर्षं वाढत राहणार आहेत, त्याने संमतिपत्रावर सही करताना त्या पुढे कोणाच्या हाती जातील, हे त्याला मराठीत, समजेल अशा भाषेत सांगितलेलं असलं पाहिजे. पेशी विकता येतील का, परदेशी पाठवता येतील का, संमती मागे घेतली तर त्या नष्ट होतील का, त्यातून औषध निघालं तर सरकारी रुग्णालयांना ते कोणत्या दराने मिळेल, या चार प्रश्नांची उत्तरं पहिला नमुना गोठवण्याआधी लिहून ठेवावी लागतील. राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाने दोन-तीन महाविद्यालयांपुरता असा करार आणि असा संग्रह येत्या वर्षात सुरू करावा, आणि त्याच विभागाने मूलपेशींच्या नावाने पैसे घेणाऱ्या दवाखान्यांची 2017 च्या सूचनांनुसार तपासणीही त्याच वर्षात आरोग्य खात्याकडून करून घ्यावी.